इंजिन बदललं, पण गाडी मिस मारायचं थांबेना

इंजिन बदलायला किती खर्च येतो, कुठून आणायचं, हे विचारलं की दहा जण सांगतात. बदलल्यावर गाडी थरथरायला लागली तर काय करायचं, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. मला हे विचारत फिरावं लागलं, म्हणून तारखांसकट लिहून ठेवतेय. मी गाड्यांच्या धंद्यातली नाही. जिंतूरला ज्युनिअर कॉलेजात शिकवते, राहते परभणीत, आणि रोज एका बाजूने चाळीसेक किलोमीटरची ये-जा गाडीनेच करते. गाडी २०१८ ची, बीएस-४, हजार सीसीचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, तेव्हा एक लाख अठरा हजार किलोमीटर झालेली.

२१ एप्रिल २०२५ ला दुपारी दोनच्या उन्हात बोरीच्या अलीकडे रेडिएटरचा वरचा होज फुटला. रबर जुनं झालेलं, ऊन बेचाळीसच्या पुढचं. लाल दिवा लागला तोवर कूलंट रस्त्यावर सांडून वाळायलाही लागलं होतं आणि इंजिन बंद पडलं. टोचन लावून गाडी परभणीला आणली. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, वाकलेलं निघालं, दोन नंबरच्या पिस्टनने सिलिंडर खरवडलेला. ज्यांच्याकडे आम्ही नेहमी गाडी नेतो त्या उस्तादांनी आत बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, ह्याच्यात पैसा घालू नका. दुसरं इंजिन बसवू."

नवं इंजिन सगळं धरून लाखाच्या वर जात होतं. मागून ठोकलेल्या एका गाडीचं इंजिन उस्तादांच्या ओळखीतून ३६,००० ला मिळालं, तेही जुनं इंजिन त्यांना देण्याच्या बोलीवर. गॅरंटी बसवल्यापासून पंधरा दिवसांची. त्यानंतर काही झालं तर विकणारा हात वर करणार, हे तोंडावर सांगितलेलं. इथे दोन गोष्टी आठवणीने कराव्यात. एक, बिलावर इंजिन नंबर लिहून घ्यायचा आणि ज्या गाडीतून ते निघालं तिच्या आरसीची प्रत मागायची. पुढे आरटीओत ते लागतं. दोन, गिअरबॉक्स उतरलेलाच असतो, तर क्लच आणि क्रँकचं मागचं ऑइल सील तेव्हाच बदलून टाकायचं. नंतर फक्त त्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे दुप्पट मजुरी.

तिसरी गोष्ट कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. जुनं इंजिन टेम्पोत चढवण्याआधी त्याचे इंजेक्टर (सिलिंडरला पेट्रोल फवारणारे), कॉइल (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या) आणि सेन्सर काढून घरी ठेवावेत. हेड वाकलं म्हणून ते खराब होत नाहीत, आणि पुढे अदलाबदल करून तपासायला फुकटचे सुटे भाग हाताशी राहतात. आमचं इंजिन सकाळी सात वाजताच रवाना झालं होतं, इंजेक्टरच्या पाइपसकट.

१४ मे ला संध्याकाळी नवं इंजिन बसलं. पहिल्या दोन सेल्फमध्ये चालू झालं, गॅरेजमधल्या पोराने हॉर्न वाजवला, सगळे खूश. मी आत बसले तर स्टेअरिंग हातात गुरगुरत होतं. आरपीएमचा काटा आठशेवरून सहाशेवर पडायचा, पुन्हा उचलायचा. सायलेन्सरमधून ठक्‌-ठक्‌-फुस्स, ठक्‌-ठक्‌-फुस्स. पंधराशेच्या वर रेस केली की बरंचसं शांत.

"मिस मारायलीय की," मी म्हटलं. म्हणजे एखादं सिलिंडर मधेमधे पेटतच नाही.

"नवं इंजिन हाय ना गाडीला. शंभर-दोनशे किलोमीटर पळवा, बसंल," उस्ताद म्हणाले.

घरी येईपर्यंत दोनदा बंद पडली आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: तो दिवा स्थिर जळत असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकत असेल तर इंजिन त्या क्षणी मिस मारतंय आणि न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या डब्यात) जाऊन तिथे जळतंय. तो कन्व्हर्टर गेला की बारीक रकमेत भागत नाही. त्यामुळे "पळवा, बसंल" हा सल्ला मी मानला नाही. गाडी अंगणात उभी केली.

पुढचे दोन-तीन दिवस सल्ल्यांचे. दीर म्हणाले, वहिनी, इंजिनच फॉल्टी आहे, परत करा. शेजारचे काका म्हणाले, पेट्रोलमध्ये पाणी आहे. कॉलेजातले एक सर टाकीत ओतायची कसलीशी बाटली घेऊन आले. उस्तादही आता "हेड खोलून बघावं लागंल" म्हणायला लागले, म्हणजे पंधरा हजारांची बात. इंजिन परत करायचं तर उतरवायची आणि दुसरं चढवायची मजुरी पुन्हा ९,०००. आणि पंधरा दिवस २९ मे ला संपत होते. रात्री झोप लागत नव्हती, हे खरं सांगते. उन्हाळ्याच्या सुट्या होत्या म्हणून कॉलेजची खोटी झाली नाही, एवढंच.

एका जुन्या विद्यार्थ्याने, जो आता ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये आहे, फोनवर विचारलं, "मॅडम, कोड काय आलाय?" मला कोड ही भानगडच ठाऊक नव्हती. २०१३ नंतरच्या गाड्यांत स्टेअरिंगखाली एक सॉकेट असतं. त्यात लावायचं ब्लूटूथचं छोटं यंत्र ऑनलाइन ११०० ला मिळालं. मोबाइलवर अ‍ॅप टाकायचं, चावी ऑन करायची, की गाडीचा कॉम्प्युटर काय तक्रार करतोय ते दिसतं. आमच्याकडे रांगच होती: पी ०३००, पी ०३०१, पी ०३०२, पी ०३०३. शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा नंबर. पी ०३०० म्हणजे कुठलाही एक नाही, सगळेच आलटूनपालटून मिस मारताहेत. कोड पुसण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. गॅरेजमध्ये यंत्र लावलं की पहिल्यांदा "क्लीअर" दाबायची सवय असते, आणि त्याबरोबर पुरावाही जातो.

त्या विद्यार्थ्याने सांगितलेली एक गोष्ट मला पुढे सारखी उपयोगी पडली. इंजिन बदलताना इंजिन जसं बदलतं तसंच त्याच्याभोवतीचं सगळं सुटतं आणि पुन्हा जोडलं जातं. वीस-पंचवीस कनेक्टर, नळ्या, वायरी, बोल्ट. तिन्ही सिलिंडर एकदम बिघडणं अवघड; तिघांना मिळून जी गोष्ट लागते ती बिघडणं सोपं. ती आधी बघा.

१९ मे ला वसमत रोडवरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. पन्नाशीचे गृहस्थ, बोलणं कमी. त्यांनी बॉनेट उघडून पहिलं काम केलं ते मल्टिमीटर काढण्याचं. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन थेट इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि मला म्हणाले, सेल्फ मारा. आकडा आला ०.९ व्होल्ट. "पाव व्होल्टाच्या आत पाहिजे, ताई. तुमच्या इंजिनला अर्थच मिळंना." अर्थ म्हणजे करंटची बॅटरीकडे परत जायची वाट.

मग टॉर्च घेऊन खाली वाकले. इंजिन आणि गाडीची बॉडी यांना जोडणारी तांब्याच्या विणलेल्या तारांची एक पट्टी असते, बोटभर रुंद. आमची एका टोकाला बॉडीला लावलेली होती आणि दुसरं टोक गिअरबॉक्सच्या मागे नुसतं लोंबत होतं. त्याच्या भोकात वाळलेल्या ग्रीसचा चकचकीत काळा पापुद्रा, म्हणजे बोल्ट त्यातून गेलाच नव्हता. सगळा करंट दुसऱ्या बारीक वायरींमधून आणि क्लचच्या केबलीतून वाट काढत होता. त्यांनी जुनी पट्टी फेकून नवी लावली, बसायची जागा कानसने घासून पांढरी केली, बोल्ट आवळला. पुन्हा सेल्फ: ०.१२. पट्टीसकट ७०० रुपये घेतले.

गाडी चालू केली तर निम्मी थरथर गेली होती. कोड पुसले, दहा मिनिटं जागेवर चालू ठेवली, पुन्हा वाचले. आता एकच उरला: पी ०३०२.

हा आनंद घरात कुणाला समजावून सांगता येईना. गाडी अजूनही मिस मारतच होती. पण आधी "इंजिन खराब" एवढंच कळत होतं, आता "दोन नंबरचं सिलिंडर" इतकं कळत होतं. आठशे-साडेआठशे आरपीएमला प्रत्येक सिलिंडर सेकंदाला साधारण सात वेळा पेटतं. तिघांतलं एक पेटलं नाही की सेकंदाला सात हिसके बसतात, तेच स्टेअरिंगला जाणवतं.

एका सिलिंडरला चार गोष्टी लागतात: ठिणगी, पेट्रोल, मापात हवा आणि दाब. ठिणगीपासून सुरुवात केली, कारण ती फुकटात तपासता येते. या इंजिनात प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते. दोन नंबरची कॉइल एकला लावली, एकची दोनला. कॉइल खराब असती तर कोड पी ०३०१ झाला असता. पी ०३०२ च राहिला. मग प्लग काढले. काढतानाच्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडून ठेवले, आणि हे जरूर करा, कारण प्लगचं तोंड बरंच काही सांगतं. एक आणि तीनचं टोक फिकट तपकिरी, चहाच्या डागाच्या रंगाचं. दोनचं पांढरंफटक, कोरडं, जणू वापरलंच नव्हतं. ठिणगी पडत नसती तर तो पेट्रोलने ओला आणि काळा निघाला असता. कोरडा पांढरा म्हणजे ठिणगी आहे, पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त शिरतेय. नवे तीन प्लग ४८० ला आणून घातले, कोड तोच.

हवा जास्त शिरतेय का हे बघायला इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) सांध्यांवर आणि ब्रेक बूस्टरच्या नळीवर कार्ब क्लीनरचा थोडा थोडा फवारा मारतात. जिथून हवा ओढली जाते तिथे मारलं की इंजिनचा आवाज बदलतो. आमच्याकडे कुठेच बदलला नाही. हा प्रयोग इंजिन तापलेलं असताना करू नये. फवारा पेट घेतो. आमच्या इलेक्ट्रिशियन दादांनी तर शेजारी ओलं पोतं ठेवलं होतं.

आता उरला दाब, म्हणजे कंप्रेशन. आणि इंजिन ठेवायचं की परत द्यायचं हे त्यावरच ठरणार होतं. उस्तादांना कंप्रेशन गेज लावा म्हटलं तर जरा नाराज झाले. "आवाजावरनं कळतंय की मॅडम." त्यांच्या भाच्याने रविवारी, २५ मे ला, गॅरेज रिकामं असताना लावून दाखवलं. ५०० रुपये घेतले, वर चहाही पाजला. पद्धत नीट असेल तरच आकड्याला अर्थ, म्हणून सांगते: तिन्ही प्लग काढायचे, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढून ठेवायचे, बॅटरी भरलेली पाहिजे, एकाने अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि पाच-सहा फेरे सेल्फ मारायचा. नुसता आकडा किती यापेक्षा तिघांमध्ये फरक किती हे बघायचं. दहा-पंधरा टक्क्यांच्या वर गेला तर काळजी. पहिला १७५. तिसरा १७८. दुसरा लावताना मी गाडीत होते, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय. काचेतून फक्त त्या पोराचं डोकं दिसत होतं. त्याने मान वर केली, "एकशे बहात्तर!"

इंजिन चांगलं होतं. विकणाऱ्याला फोन करून कळवलं की परत करत नाही. घरी दिरांना सांगितलं, तर ते म्हणाले, मग थरथरतेय कशाला? प्रश्न बरोबरच होता.

मधेच आरटीओचं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदललं की चौदा दिवसांच्या आत नोंदणी करणाऱ्या कार्यालयाला कळवावं लागतं. आमचे चौदा दिवस २८ मे ला भरत होते, त्यामुळे गाडी पूर्ण दुरुस्त व्हायची वाट बघत बसले नाही. परिवहनच्या पोर्टलवर अर्ज आणि फी भरली, पावती छापली. सोबत मूळ आरसी, इंजिनचं बिल, ज्या गाडीतून इंजिन आलं तिच्या आरसीची प्रत, इन्शुरन्स, पीयूसी, आधार. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी लागते. आमचं फिटलेलं होतं. इंजिन आणि चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो. इंजिनवरचा नंबर धुळीच्या आणि ऑइलच्या थराखाली असतो. रॉकेलच्या फडक्याने पुसायचा, कोरडा करायचा, पातळ कागद धरून त्यावर पेन्सिल आडवी घासायची. हात नीट जात नाही, कागद सरकतो, आकडे दुहेरी उमटतात. हे घरीच शांतपणे दोन-तीन प्रती करून ठेवावं. आरटीओच्या आवारात उन्हात, बॉनेटखाली वाकून करणं नको.

२७ मे ला गाडी दाखवायला नेली. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, मे महिन्यातच पावसाळी हवा. मोटार वाहन निरीक्षकांनी नंबर जुळवून बघितले, बिल बघितलं आणि म्हणाले, जरा चालू करा. केली. ठक्‌-ठक्‌-फुस्स. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सर, दोन नंबरचा इंजेक्टर असावा असं वाटतंय, काम चालू आहे. ते हसले, सही केली आणि "पीयूसी संपायच्या आत करून घ्या" म्हणाले.

त्यावरून एक सुचलं. पीयूसी केंद्रावर जाऊन "सर्टिफिकेट नको, नुसतं तपासून सांगा" म्हटलं. सव्वाशे रुपयांत सायलेन्सरमध्ये काय चाललंय त्याचे आकडे मिळतात. बीएस-४ पेट्रोल गाडीला एचसी, म्हणजे न जळालेलं इंधन, २०० पीपीएमच्या आत लागतं. आमचं ६४०. त्याने नेमकं कारण कळत नाही, पण दुरुस्ती झाल्यावर तुलनेला आकडा हातात राहतो. "आता बरं वाटतंय" यावर मी गाडीच्या बाबतीत फारसा विश्वास ठेवत नाही. वाटण्यात बिल भरल्याचं समाधानही मिसळलेलं असतं.

३१ मे ला इंजेक्टर बाहेर काढले. इंजेक्टरच्या नळीत दाबाखाली पेट्रोल असतं, म्हणून आधी फ्यूएल पंपाचा फ्यूज काढून गाडी चालू करायची आणि आपोआप बंद पडू द्यायची. मग खोलायचं, तेही जवळ कुणी बिडी ओढत नाही ना हे बघून. दोन आणि तीनच्या इंजेक्टरांची अदलाबदल केली, जोडलं, चालू केलं. दोन मिनिटांत अ‍ॅपवर कोड: पी ०३०३.

मिसिंग दोनवरून तीनवर गेलं होतं. इंजेक्टरबरोबर रोगही सरकला. आता अंदाजाचं काही उरलंच नाही. इंजिन बरेच महिने कुठेतरी शेडमध्ये पडून होतं, आतलं पेट्रोल सुकून त्याचा राळेसारखा थर झाला आणि तो एका इंजेक्टरच्या भोकांत बसला.

"तिन्ही नवे घ्या" असा सल्ला लगेच आला. नव्याचा भाव ऐकून मी आधी साफ करून बघायचं ठरवलं. इंजेक्टर तपासायचं मशिन नांदेडला होतं. त्यासाठी गाडी नेण्याची गरज नाही, हे मला फार आवडलं. तिन्ही इंजेक्टर सुती कापडात गुंडाळले, प्रत्येकाला नंबर लिहून चिकटपट्टी लावली, स्टीलच्या डब्यात भरले आणि ३ जूनला सकाळच्या गाडीने पूर्णामार्गे नांदेड. डब्याला पेट्रोलचा वास येऊ नये म्हणून आदल्या रात्री ते उघड्यावर पूर्ण वाळवले होते. रेल्वेत ज्वालाग्राही वस्तू नेता येत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

मशिन बघण्यासारखं असतं. वर तीन इंजेक्टर उलटे टांगलेले, खाली तीन काचेच्या नळ्या, मागून दिवा. बटन दाबलं की तिन्ही एकदम फवारतात. एक आणि तीन नंबरच्या पट्टीचे शंकूसारखे, धुक्यासारखे पसरत होते. दोनची एकच वाकडी धार काचेवर आपटून ओघळत होती. ठरावीक वेळ झाल्यावर मशिन थांबलं. दोन नळ्यांत साठ मिलिलिटरच्या आसपास, तिसरीत अडतीस. मशिनवरच्या मुलाने मोबाइलवर फोटो काढून दिला. मग तिन्ही इंजेक्टर अल्ट्रासॉनिकच्या टबमध्ये अर्धा तास. पाणी नुसतं थरथरताना दिसतं, तेवढ्यात काळपट धागे बाहेर यायला लागतात. आतल्या बारीक जाळ्या आणि रबरी ओ-रिंग नव्या घातल्या. ओ-रिंग जुन्या वापरू देऊ नका. तिथून पेट्रोल गळलं तर गाडी पेटते. दुसऱ्यांदा मशिनवर लावलं तेव्हा अठ्ठावन्न, साठ, साठ. १२०० रुपये झाले. संध्याकाळी घरी परत.

५ जूनला इंजेक्टर बसवले. चालू केली. आरपीएमचा काटा साडेआठशेवर जाऊन थांबला आणि तिथेच राहिला. मी पाच मिनिटं काट्याकडे बघत बसले होते. कोड नाही. अ‍ॅपवर लाँग टर्म फ्यूएल ट्रिम नावाचा एक आकडा असतो, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्या मापापेक्षा पेट्रोल किती टक्के कमी-जास्त देतोय ते. आधी अधिक अठरा होता, आठवडाभर चालवल्यावर अधिक तीनवर आला. पीयूसीला एचसी ८५.

पण अजून एक गोष्ट राहिली होती. सिग्नलला एसी लावून उभं राहिलं की आतला आरसा हलायचा आणि सीटला बारीक गुणगुण लागायची. मला वाटलं, पुन्हा तेच. अ‍ॅप लावून बघितलं तर काटा स्थिर, कोड नाही. काटा पडतोय आणि गाडी हलतेय, तर दोष जळण्यात आहे. काटा जागचा हलत नाही आणि गाडी हलतेय, तर इंजिन ठीक चाललंय, फक्त त्याचा हादरा बॉडीपर्यंत पोचतोय. म्हणजे फाउंडेशन, इंजिन बॉडीवर धरून ठेवणारे रबरी ठोकळे. तीन सिलिंडरचं इंजिन थोडं हलतंच, म्हणून आधी त्याच मॉडेलच्या एका सहकाऱ्याच्या गाडीत एसी लावून बसून आले. तिच्या गाडीतला आरसा हलत नव्हता.

इंजिनच्या उजव्या अंगाच्या फाउंडेशनचं रबर तापून आणि ऑइल पिऊन फुगलेलं, चिरलेलं निघालं. ते आमचं जुनंच होतं, नव्या इंजिनला तेच लावलेलं. १२ जूनला नवं बसवलं, १९०० चं, मजुरी ६००. या वेळी उस्ताद स्वतः वाकले होते. बाकीच्या फाउंडेशनचे बोल्टही त्यांनी आधी ढिले केले, इंजिन चालू करून दोन-तीनदा हलकी रेस दिली, हाताने हलवून त्याला आपल्या जागी बसू दिलं, बंद केलं आणि मग एकेक बोल्ट शेवटचा आवळला. ढिले न करता ताणात आवळलं तर नवं रबरही हादरा देतं, हे त्यांनीच सांगितलं. गेज आणि कोड त्यांना पटले की नाही ठाऊक नाही, पण इंजेक्टरचा नांदेडचा फोटो त्यांनी मागून घेतला आणि येणाऱ्या प्रत्येकाला दाखवत होते.

खर्चाचं विचारणार म्हणून: इंजिन ३६,०००, बसवायची मजुरी ९,०००, क्लच ५,२००, ऑइल, कूलंट, होज, सील मिळून ६,४००. हे झाले ५६,६००. त्यानंतरच्या शोधाशोधीत यंत्र, अर्थची पट्टी, प्लग, कंप्रेशन, इंजेक्टर आणि फाउंडेशन धरून ६,४८०. नांदेडचं तिकीट आणि पीयूसीचे सव्वाशे त्यात धरलेले नाहीत.

नव्या इंजिन नंबरची आरसी जुलैत पोस्टाने आली. ती आली की इन्शुरन्स कंपनीला लगेच प्रत पाठवून पॉलिसीत इंजिन नंबर बदलून घ्यायचा. त्याला एंडोर्समेंट म्हणतात, अर्ज ईमेलने चालतो. पॉलिसीत एक नंबर आणि बॉनेटखाली दुसरा असेल तर क्लेमच्या वेळी अडतं. आमचं सुधारित कागदपत्र ईमेलवर आलं तेव्हा त्यात इंजिन नंबरचा शेवटून दुसरा आकडा चुकलेला होता. पुन्हा पाठवलंय. तुमचं आलं की एकेक आकडा बोट ठेवून जुळवा.